सत्तारचाचांची हलकी गोळी

माझं सगळं आयुष्य घासाघिशीवर उभं आहे. आळेफाट्याला पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली आणि आज टायर-बॅटरीचं दुकान आहे, ते काही कुणी आणून हातावर ठेवलेलं नाही. समोरच्यानं सांगितलेल्या किमतीला मी आजवर काही घेतलं नाही, स्वतःच्या लग्नातला हारसुद्धा. त्यामुळे ज्या एका माणसापुढे माझी जीभ चालली नाही, त्याचा मला आधी राग आला आणि मग लळा लागला. आता तो माणूस नाही. राग मात्र शिल्लक आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

सत्तारचाचांचं दुकान जुन्नरच्या पेठेतल्या एका बोळात होतं. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं काम. वडिलांपासून चालत आलेलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, खिडकीखाली लोखंड आवळून धरायचा शिकंजा, भिंतीवर चौकटीत लावलेला सरकारी परवाना, आणि मशीनच्या तेलाचा वास. चाचा पोत्यावर बसून काम करायचे, पण अंगातला सदरा कडक इस्त्रीचा आणि डोळ्यांत सुरमा. कानस घासताना सदऱ्यावर कीस उडाला की हात थांबवून तो आधी झटकायचे. स्वतःच्या हातावर त्यांचा भारी विश्वास होता आणि तो ते लपवत नसत.

मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या मेहुण्याबरोबर. मेहुण्याची भातशेती मढला. भाताला डुकरांचा त्रास, म्हणून त्याच्याकडे परवान्याची बारा बोरची बंदूक. तिचा घोडा अडकत होता. चाचांनी बंदूक हातात घेतली, डोळे मिटून जरा वेळ तोलली आणि दुरुस्तीचा आकडा सांगितला. मी सवयीनं त्याच्या निम्मा सांगितला. चाचांनी बंदूक उचलून परत मेहुण्याच्या मांडीवर ठेवली.

"चहा घ्या," ते म्हणाले.

"चाचा, काही कमीजास्त करा की."

"चहात साखर कमीजास्त होईल."

"अहो, मी आळेफाट्याहून आलोय."

"मग परत जाताना लई लांब पडंल. चहा घ्याच."

मी उठलो आणि ताडताड बाहेर पडलो. ही माझी हुकमी चाल. दुकानदार हाक मारतो, बोळाच्या तोंडापर्यंत जाण्याआधी नक्की मारतो. मी बोळाच्या तोंडाशी एका बांगडीवाल्याच्या दुकानापुढे उगाच उभा राहिलो. बांगडीवाल्यानं "वहिनींसाठी काय दाखवू?" म्हणून विचारलं. हाक काही आली नाही. शेवटी मीच परत गेलो, तर चाचांनी बंदूक उघडून तिचे भाग फडक्यावर मांडलेसुद्धा होते.

"मी हो म्हटलं नव्हतं," मी म्हणालो.

"तुमचं मेहुणं म्हणालं. बंदूक त्यांची हाय, राव."

मेहुणा खाली मान घालून चहा पीत होता. त्या दिवसापासून मी काम नसतानाही जुन्नरला गेलो की त्या बोळात शिरायला लागलो. भाव पाडता येतो का ते बघायला, असं मी घरी सांगायचो.

त्यांना कुठलीही वस्तू तळहातावर तोलायची खोड होती. भाजीवाल्याचं वांगं, नातवाचं दप्तर, माझा मोबाइल. तोलायचे आणि मग बोलायचे. बढाया मारणारं गिऱ्हाईक त्यांना खपत नसे. एकदा एका पुढाऱ्याच्या मुलानं बसल्या बसल्या विचारलं, "चाचा, तुम्ही किती जनावरं मारली?" चाचांनी कानशीवरची नजरही न हलवता म्हटलं, "न्हाव्याला कुणी विचारतं का, तू किती गळे कापले?" पोरगं हसलं, पण परत त्या दुकानात आलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या परवान्यावर एक रायफल होती. वडिलांची. वडील तरुणपणी शिकारी साहेबांबरोबर बंदूक वाहायला जायचे, शिकारीला बंदी नव्हती तेव्हाची गोष्ट. त्यातल्या एकानं देश सोडून जाताना ती त्यांना दिली. पुढे पिकाच्या राखणीचा परवाना झाला आणि वडिलांमागे तो चाचांच्या नावावर आला. मोठ्या नळीची रायफल. नळीच्या तोंडात माझी करंगळी सहज गेली असती. मी तशी घालून बघायला गेलो, तर चाचांनी हातावर चापट मारली.

ती रायफल बनवली होती जड गोळीसाठी. अंगठ्याएवढी, हातात घेतली की हात खाली यावा अशी. आणि चाचा तिच्यातून हलकी गोळी चालवायचे. या एका गोष्टीवरून तालुक्यातले सगळे बंदूकवाले त्यांना वेड्यात काढत. मीही एकदा विचारलंच.

"ट्रक घ्यायचा आन् त्यातनं कोथिंबिरीची जुडी न्यायची, असं झालं की हे."

"कोथिंबीर गावात पोचली म्हंजे झालं," ते म्हणाले. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पलीकडच्या एका वाडीत वडिलांना डुकरासाठी बोलावलं होतं. वडिलांनी डुक्कर टिपलं. नेम चोख होता. पण जड गोळी डुकरातून आरपार गेली, पुढचं कुंपण ओलांडून गेली आणि पल्याडच्या शेतात खुरपणाऱ्या गंगूबाई नावाच्या बाईच्या मांडीत शिरली. बाई वाचली, पण जन्मभर लंगडली. वडील दर ईदेला तिच्या घरी शिधा घेऊन जायचे आणि पुढे चाचा जायला लागले. बाई काही वाईट बोलायची नाही. एवढंच म्हणायची, "सत्तार, तुझ्या बापाची गोळी थंडीत अजून बोलती बघ."

"नळी तीच, बंदूक तीच," चाचा मला म्हणाले. "गोळी हलकी घेतली की खांद्याला धक्का कमी. आन् जनावरात शिरली की आतच पसरती, थांबती. पल्याड जात न्हाई."

"मग लोक जड कशाला वापरतात?"

"लोकांना हत्ती मारायचा असतो. आपल्याकडं हत्ती कुठाय? आपल्याकडं डुकराच्या मागं कुणाची तरी बायको खुरपत असती."

हलक्या गोळीचा एक तोटा होता. रायफलीला सवय जड गोळीची, त्यामुळे हलकी गोळी नेमाच्या खाली लागायची. नळीच्या टोकाला नेम धरायचा जो बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. चाचांनी मढच्या बाजूला मातीच्या बांधावर गोळ्या मारून बघितल्या आणि थोडी थोडी करत ती माशी कानशीनं घासून बुटकी केली. आता हलकी गोळी बरोबर जागेवर लागायची, पण बापाची जड गोळी त्या रायफलीतून कधी नेमावर गेली नसती. परतीची वाट त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती.

त्यावरून माझं एकदा नुकसानही झालं. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या बंदुका जमवायचे, रीतसर परवान्यानं. मी त्यांना गाठलं, रायफलीचं वर्णन केलं, माझी दलाली मनात ठरवली आणि त्यांना बोळात आणलं. त्यांनी रायफल बघितली, हरखले, आणि मग माशीवर बोट फिरवून त्यांचा चेहरा पडला.

"ही ओरिजिनल माशी घासली कुणी?"

"मी," चाचा म्हणाले.

"अहो, किंमत निम्मी झाली हिची."

"किंमत तुमची. माशी माझी."

गाडीत बसेपर्यंत ते गृहस्थ हळहळत होते. मी परत येऊन चाचांवर तोंड टाकलं. म्हटलं, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "दत्तोबा, मी तुला सांगितलं व्हतं का, इकायचीय म्हणून?" सांगितलं नव्हतं हे खरं होतं.

निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. चाचा त्या दिवशी नवा सदरा घालायचे आणि रायफल बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळून बोळातून चालत जायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकदा ठाण्यातला हवालदार म्हणाला, "काय चाचा, लेकीला सासरी सोडायला आलात काय?" चाचा म्हणाले, "सासरी सोडली तर परत आणायचा घोर नसतो." आणि रायफल इतर बंदुकांच्या ढिगाऱ्यात न टाकता भिंतीशी उभी राहील असं बघूनच ते निघाले.

हे सगळं हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो.

माझं घर वारूळवाडीला. मागे थोडा ऊस, आणि उसाच्या पलीकडे किसनचं घर. किसनचं नाव मी बदललं आहे, त्याच्या बायकोचं घेतच नाही. धनगराचं घराणं. त्याचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. किसननं शेती धरली, तरी दारात कुंपण घालून केलेल्या वाडग्यात थोडी मेंढरं ठेवली होती. आमच्याकडे बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो, त्याचं आम्हाला काही नवल नाही. कुत्रं जातं, शेळी जाते, लोक चार दिवस बोलतात. त्या वर्षी मात्र किसनची लेक गेली. दिवस मावळायच्या सुमाराला, अंगणातून. तिची आई दोन हातांच्या अंतरावर मेंढीची धार काढत होती. यापुढचं मी लिहीत नाही.

लोक रस्त्यावर बसले. पिंजरे लावले, ते रिकामे राहिले. शेवटी त्या बिबट्याला मारण्याचा हुकूम निघाला. ज्या नेमबाजाला बोलावलं होतं तो दुसऱ्या जिल्ह्यात अडकला होता, तो पोचेपर्यंत गाव थांबायला तयार नव्हतं. वनखात्याच्या साहेबांनी जुन्नरला गाडी पाठवली आणि चाचांना आणलं. रायफल मांडीवर, शालीत.

चाचा आधी माझ्या विहिरीवरच्या मोटरच्या खोलीच्या गच्चीवर चढले आणि चारी बाजूंना घरं कुठं कुठं आहेत ते बघितलं. समोर उसाच्या कडेला शेळी बांधायची होती. त्याच रेषेत, पलीकडे, किसनचं घर आणि वाडगं.

"तिकडं कोण असतं?"

"कुणी नाही," साहेब म्हणाले. "ते सगळे भावाकडे नारायणगावला गेलेत. कुलूप आहे."

चाचांना तेवढ्यानं भागलं नाही. ते स्वतः बांधाबांधानं चालत गेले, कुलूप हातात धरून ओढून बघितलं, हाका मारल्या. परत आले. साहेबांनी त्यांच्या हातातली गोळी बघून विचारलं, "एवढ्या मोठ्या रायफलीत ही?"

"हीच," चाचा म्हणाले. "म्हणून तर मी बसतोय."

गच्चीवर चाचा आणि मी. साहेबांची माणसं पलीकडच्या रस्त्याला. ऊन उतरलं होतं, पण दिसत होतं सगळं. शेळी ओरडून ओरडून गप्प झाली, आणि उसातून तो बाहेर आला. मी जन्मभर बिबटे बघितलेत, पण इतका निवांत चालणारा बघितला नाही. चाचांनी रायफल खांद्याला लावली.

तेवढ्यात किसनच्या वाडग्यात उजेड हलला. मोबाइलचा उजेड. किसनची बायको परत आली होती. कोकरं दोन वेळची उपाशी होती, म्हणून कुणाला न सांगता मागच्या वाटेनं आली होती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त उजेड दिसला आणि वाकलेली बाई दिसली. बिबट्यालाही दिसली. त्यानं शेळीकडे पाठ केली आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

मी चाचांच्या पाठीला हात लावला. त्यांना दिसलंच होतं. त्यांच्या श्वासाचा आवाज थांबला, आणि रायफल उडाली.

बिबट्या लोळला. पुन्हा उठला आणि तीन पायांवर उसात शिरला. वाडग्यातला उजेड विझला होता. जरा वेळानं मागच्या वाटेनं कुणीतरी पळत गेल्याचं मला दिसलं. गोळी जनावरात थांबली होती. चाचा म्हणत तसंच झालं होतं.

जखमी बिबट्या उसात, त्यामुळे सकाळ होईपर्यंत कुणी जायचं नाही असं ठरलं. सकाळी नेमबाज यायचा होता. किसन त्याच्या आधी आला. हातात कोयता घेऊन तो सरळ उसात घुसला. त्याला अडवायला पळालेली माणसं बांधापर्यंत पोचली तेव्हा आतून आवाज येत होते. त्याला बाहेर काढलं तेव्हा जीव होता, पण उजवा हात खांद्यापासून गेल्यात जमा होता. दवाखान्यानं हात ठेवला, पण तो लोंबता राहिला, त्या हाताला काही कळत नाही.

दुपारी नेमबाज आला आणि त्यानं बिबट्याला संपवलं. गावानं त्याला शाल-नारळ दिला. आणि चावडीवर, सगळ्यांदेखत, सरपंच म्हणाले, "एवढ्या मोठ्या बंदुकीत म्हाताऱ्यानं चिंचोके भरले व्हते. नायतर किसन्याचा हात गेला नसता."

लोक हसले. ज्या गावात काही दिवसांपूर्वी चूल पेटली नव्हती ते लोक हसले. मी सरपंचाच्या अंगावर धावून गेलो, मला दोघांनी धरलं. त्या दिवसापासून चाचांना वारूळवाडीत चिंचोकेवाला म्हणायला लागले. मी सरपंचाशी आजही बोलत नाही. माझ्या दुकानातून त्यांच्या ट्रॅक्टरला टायर मिळत नाही.

मला एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. पण गच्चीवरून उतरतानाच चाचांनी माझा दंड धरला होता.

"ती आली व्हती हे तोंडातून काढायचं न्हाई."

"का?"

"पोर गेलेली बाई हाय. गाव म्हणंल, हिच्यामुळं जनावर सुटलं."

हे त्यांनी किसन जखमी होण्याआधी सांगितलं. किसनचा हात गेल्यावर मी जुन्नरला जाऊन त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, तुमचं नाव मातीत चाललंय. निदान किसनला तरी कळू दे, तुम्ही त्याची बायको वाचवलीत.

"त्याची पोरगी गेली, हात गेला," चाचा म्हणाले. "आता बायकोवरचा इस्वास तेवढा राहिलाय. तो बी काढून घेऊ?"

मला यावर भाव करता आला नाही.

पण खरी गोष्ट त्याहून वेगळी होती, आणि ती मला त्या नेमबाजानं सांगितली. चांगला माणूस होता, हार-तुऱ्यानं ओशाळलेला. जाताना माझ्या दुकानावर गाडीचा टायर बघायला थांबला. मला राहवलं नाही. बाईचं नाव न घेता म्हटलं, समजा मागे माणूस असतं आणि जनावर त्याच्याकडे बघत असतं, तर तुम्ही कोणती गोळी घातली असती?

"मी गोळी घातलीच नसती," तो म्हणाला. "बोंब मारली असती. बॅटरी मारली असती. जनावर पळालं असतं. शिकार हुकली असती, एवढंच."

मी चडफडत जुन्नरला गेलो. चाचांना हे सांगून त्या माणसाला दोघांनी मिळून शिव्या घालाव्या असा माझा विचार होता. चाचांनी ऐकून घेतलं. हातातला स्क्रू तळहातावर तोलत राहिले.

"बरोबर बोलला तो," ते म्हणाले.

"काय बरोबर?"

"मला वरडायचं सुचलंच न्हाई, दत्तोबा. हातात बंदूक असली की माणूस तोंड इसरतो." त्यांनी स्क्रू फडक्यावर ठेवला. "गोळी हलकी हाय, पल्याड जाणार न्हाई, एवढा भरवसा व्हता मला. म्हणून उडवली. बापाची जड गोळी असती ना, तर मी वरडलो असतो."

सगळा जन्म ज्या गोष्टीची त्यांनी घमेंड बाळगली, तिचंच हे झालं होतं. मी काहीतरी समजूत घालायला गेलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बापाची जड व्हती, माझी हलकी. वाट एकाच दारात आली."

पुढे कधीतरी त्यांना झाल्या प्रकाराचा खुलासा द्या असा कागद आला. रीतीप्रमाणे येतो तसा. दोन ओळी लिहून काम भागलं असतं, साहेब त्यांच्या बाजूचे होते. चाचांनी लिहून दिलं की माझा अंदाज चुकला, आणि रायफल कायमची जमा करून टाकली. मला कळलं तेव्हा मी बोळात उभा राहून त्यांच्यावर ओरडलो. शेजारचा बांगडीवाला बाहेर आला. चाचा म्हणाले, "वरडून घे. तुला तरी जमतंय." त्या दिवशी त्यांनी सदरा बदलला नव्हता, आणि शाल रिकामी, घडी घालून पोत्यावर ठेवलेली होती.

दुकान चालू होतं, पण ते दर आठवड्याला एसटीनं वारूळवाडीला यायला लागले. किसनच्या घरी. किसन त्यांच्याशी बोलत नसे. दारात आले की उठून आत जायचा. चाचा ओट्याच्या कडेला बसायचे. विळ्याला धार लावून द्यायचे, दाराची कडी सरळ करायचे, जे दिसेल ते. किसनची बायको पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि नजर वर न करता परत जायची. तिला सगळं माहीत होतं. तिनं ते आतल्या आत किती वाहिलं असेल, ते तिचं तिला ठाऊक. गावातली पोरं रस्त्यावरून "चिंचोके, चिंचोके" करत जायची. मी एकदोनदा त्यांच्यामागे धावलो. चाचा म्हणायचे, "बस रे. गुडघे दुखतील तुझे."

गेल्या थंडीत चाचा गेले. दोन दिवसांचा ताप, आणि दवाखान्यात न्यायच्या आत. जुन्नरला मातीला मी गेलो, वारूळवाडीतून दुसरं कुणी नव्हतं.

बातमी कळली त्या संध्याकाळी किसनच्या बायकोनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तिनंच मला निरोप धाडला की आता कुणाला सांगायचं तर सांगा, म्हणून मी हे लिहू शकतो. दुसऱ्या दिवशी किसन माझ्या दुकानावर आला. टायरच्या चळतीवर बसला.

"तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"त्यांनी बोलू दिलं नाही."

किसन चळतीवरून उठला. मग त्यानं विचारलं, जुन्नरचं कब्रस्तान कुठल्या बाजूला. मी सांगितलं. तो गेला की नाही, मी विचारलं नाही.

लोक आता माझ्याकडे येऊन म्हणतात, म्हातारा मोठा माणूस होता हो. सरपंचही कुणाजवळ म्हणाले म्हणे. मी ऐकून घेतो आणि गिऱ्हाईक आलं असं सांगून उठतो. मेल्यावर वाढवलेली किंमत माझ्या धंद्यात कुणी मोजत नाही.

मला चाचा शेवटचे दिसले ते किसनच्या अंगणात. जाण्याच्या महिनाभर आधी. त्यांना परत एसटीच्या फाट्यावर सोडायला मी गाडी घेऊन गेलो होतो. त्यांनी किसनचा फवारणीचा पंप पुढ्यात घेतला होता. पाठीवरचा पंप डाव्या हातानं दांडा मारून चालवतात आणि उजव्या हातात फवारा धरतात. किसनचा उजवा गेलेला, त्यामुळे पंप कोपऱ्यात पडून होता. चाचांनी कमरेच्या पट्ट्याला अडकेल असा एक लोखंडी चिमटा बनवून आणला होता, फवारा त्यात बसायचा आणि कमर वळेल तसा वळायचा. बसवताना तो थोडा अडत होता, म्हणून ते तिथंच कानशीनं घासत होते. सदऱ्यावर कीस उडत होता आणि ते झटकत नव्हते.

काम झालं तसा किसन आतून आला. त्यानं पंप पाठीवर घेतला, पट्टा बांधला, डाव्या हातानं दांडा मारला. फवारा उडाला. तो एका अंगाला वळला, फवारा वळला. दुसऱ्या अंगाला वळला. मग त्यानं पंप उतरवून भिंतीशी ठेवला. त्याची बायको दारात उभी होती.

"उद्यापास्नं येत जाऊ नका," किसन म्हणाला.

"बरं," चाचा म्हणाले.

किसन आत गेला. मी म्हटलं, चला चाचा, एसटी लागेल. त्यांनी पिशवीतून एक लोहचुंबक काढला, दुकानात फरशीवरचा कीस गोळा करायला वापरायचे तो. उकिडवे बसले आणि अंगणाच्या मातीवरून तो हळूहळू फिरवायला लागले. लागलेला कीस रुमालात पुसायचा, आणि पुन्हा फिरवायचा.

"राहू द्या की," मी म्हणालो. "बारीक कीस तो."

"पायात जातो," ते म्हणाले. "घरातली माणसं अनवाणी हिंडतात."

फाट्यावर एसटीनं हॉर्न दिला. चाचांनी मान वर केली नाही. ते पुढे सरकले आणि जिथं कानस लागलीच नव्हती त्या जागेवरूनही त्यांनी चुंबक फिरवला.